पद्मिनीचे व्होल्ट : प्रकल्प नोंदी

शनिवार, १५ जून २०२४

गाडी : प्रीमियर पद्मिनी, १९७८, पेट्रोल, १०८९ सीसी, गिअर स्टीअरिंगला. मालक बाबा, म्हणजे माझे सासरे. चालवते मी, कारण बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि यांना तो क्लच जन्मात जमला नाही. जागा : शिवडी, इमारतीच्या आवारात, बदामाखाली, उघड्यावर.

मूळ गाडीला डायनॅमो (इंजिनावर फिरून वीज करणारं यंत्र) होता. सिग्नलला गाडी संथ चालू ठेवून उभं राहिलं की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि मुंबईत निम्मा वेळ सिग्नललाच जातो. म्हणून बाबांनी नव्वदीच्या दशकात तो काढून अल्टरनेटर बसवून घेतला. रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा) वेगळा आहे, बॅटरीशेजारी पत्र्यावर दोन स्क्रूंनी बसवलेला. गॅरेजात त्याला सगळे अजून कटआऊट म्हणतात.

तक्रारी तीन. रात्री सिग्नलला हेडलाइट पिवळे पडतात. सकाळी सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) रडत रडत फिरतो. आणि बॅटरीचं पाणी दर तीन आठवड्यांनी भरावं लागतं. पहिल्या दोन तक्रारी ऐकून कुणीही म्हणेल चार्जिंग कमी आहे. तिसरी ऐकून म्हणेल चार्जिंग जास्त आहे. दहा महिन्यांत दोन बॅटऱ्या झाल्या, म्हणून ही वही. कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मुलांना रोज सांगते, रीडिंग लिहून ठेवा. घरच्या गाडीचं एकही रीडिंग माझ्याकडे नाही.

मुदत : पुनर्नोंदणी ऑगस्टअखेर संपते. ताडदेवच्या आरटीओत गाडी दाखवायला न्यावी लागेल.

रविवार, १६ जून

गाडी रात्रभर उभी होती. पाणी घालायच्या आधी हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) लावला. (पाणी घालून लगेच घनता मोजली तर वरचं नुसतं पाणीच मोजलं जातं.) सहाही घरांत (सेलमध्ये) १.२१५ ते १.२२०. एखादं घर मेलेलं असतं तर तिथला आकडा खाली दिसला असता. म्हणजे बॅटरी मेलेली नाही, अर्धवट भरलेली आहे. दोन घरांत प्लेटा उघड्या पडल्या होत्या. टर्मिनलांवर मीटर लावून १२.३५ व्होल्ट. पूर्ण भरलेली आणि विसावलेली बॅटरी १२.६ च्या पुढे दाखवते.

डिस्टिल्ड वॉटर घातलं, चार्जरवर लावली. दुपारी इंजिन चालू करून बघितलं : संथ १३.७, रेस दिल्यावर १४.६. ठीक असलेली गाडी १३.८ ते १४.४ च्या आत असते, म्हणजे थोडं जास्तच. पण या आकड्यावर पाणी इतकं उडायला नको.

लाल दिवा किल्ली फिरवल्यावर लागतो, इंजिन चालू झालं की विझतो. बाबांचा त्यावर पूर्ण विश्वास. “दिवा विझला म्हणजे चार्जिंग होतंय.” होतंय खरं. किती होतंय, हे तो दिवा सांगत नाही.

शनिवार, २२ जून

गाडी लालबागला चाचांकडे नेली. चाचा चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात आणि वायर बघून नव्हे, वास घेऊन सांगतात. त्यांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, “मॅडम, बॅटरी गेली.” म्हटलं, ती चार महिन्यांची आहे. मग म्हणाले, अल्टरनेटर उघडू.

उघडला. कार्बन (आतले ब्रश) झिजून नखाएवढे उरले होते, मागची बेअरिंग घरघरत होती. दोन्ही बदलली, १,४०० रुपये. डायोड (एसीची डीसी करणारे) बरे आहेत, असं त्यांनी टेस्ट लॅम्प लावून दाखवलं. घरी येऊन मीही मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर लावला, इंजिन चालू असताना : ०.०४ व्होल्ट. एखादा डायोड गेला असता तर हा आकडा कितीतरी मोठा आला असता. ते काम वाया गेलं असं म्हणणार नाही, कार्बन खरंच संपले होते. पण तक्रारी तिन्ही जशाच्या तशा.

सोमवार, ८ जुलै

मध्यरात्रीनंतर सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस. लोकल बंद, मी घरीच. आवारात पाणी रिमपर्यंत चढलं आणि दुपारी ओसरलं. संध्याकाळी किल्ली फिरवली तर सेल्फ नुसता टक करून गप्प. पावसात मोजमाप नाही.

रविवार, १४ जुलै

आज सेल्फ.

कॉइलची मधली वायर काढून इंजिनाला टेकवून ठेवली, म्हणजे सेल्फ फिरेल पण गाडी चालू होणार नाही. बाबा सीटवर, किल्ली त्यांच्या हातात. मी खाली मीटर घेऊन. “अगं, मी डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस.” म्हटलं, बाबा, किल्ली फिरवायला डोळे लागत नाहीत.

सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांत १०.६. चांगलं आहे, ९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता. प्लस टर्मिनल ते सेल्फचा मोठा बोल्ट : ०.१. बरं. मग काळी प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल प्रोब इंजिनाच्या ब्लॉकवर. हे दोन्ही एकच टोक असायला हवं, फरक शून्याच्या जवळ हवा.

१.१ व्होल्ट.

म्हणजे सेल्फला १०.६ मिळतच नाहीत, ९.४ मिळतात. बाकीचं अर्थिंगच्या पट्टीत जळतंय. मी हात लावून बघितला तर पट्टी कोमट होती.

गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी ती तांब्याची विणलेली पट्टी काढली. वरून काळी, चिखलाची. बोटांनी वाकवली तर आत मोरपिशी हिरवी पूड, आणि तारा बाजरीच्या कणसासारख्या झडायला लागल्या. निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या. शिवडीची खाडी आवारापासून किती लांब आहे, ते अशा वेळी कळतं.

आदल्या महिन्यात हीच पट्टी मी तपासली होती. मीटर ओहमवर ठेवून दोन टोकांना लावला, शून्य आलं, पुढे गेले. चूक माझी. उरलेल्या दहा तारांतूनही मीटरला शून्यच दिसतं, कारण मीटर स्वतः प्रवाह जवळजवळ ओढतच नाही. सेल्फ शंभरेक अँपिअर ओढतो, तेव्हा त्या दहा तारांचा कस लागतो. फिजिक्सच्या लॅबमधल्या बाईला हे गाडीखाली आडवं पडून आठवावं, यात थोडी लाज आहे.

बॅटरीवाल्याकडून जाड केबल कापून दोन्ही टोकांना थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून आणले. बॉडीकडची जागा घासपेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट कसून वरून ग्रीस. पुन्हा तोच प्रयोग : ०.१५. सेल्फ असा फिरला की बाबा आतून म्हणाले, “हा आवाज मी वीस वर्षांत ऐकला नव्हता.”

दुसरी तक्रार संपली. पहिली आणि तिसरी बाकी.

बुधवार, १७ जुलै

आषाढी, सुट्टी. साबुदाणा खाऊन सगळे झोपले. रात्री नऊला मी गाडीपाशी, कारण आज लक्षात आलं की आतापर्यंतची सगळी रीडिंग मी दिवसाउजेडी घेतली आहेत. हेडलाइट एकदाही लावले नव्हते.

मीटर बॅटरीवर, इंजिन रेसवर, सगळं बंद : १४.६
हेडलाइट लावले : १५.४
वायपरही लावला : १५.७

तीनदा बंद-चालू करून बघितलं. हेडलाइट लावले की व्होल्टेज वर जातं. बोजा टाकला की कोणतीही गोष्ट खाली वाकते. इथे उलटं. आणि समोरच्या भिंतीवर हेडलाइटचा उजेड बघावा तर पिवळट, जुन्या देवघरातल्या समईसारखा. बॅटरीवर १५.४ असताना! मीटर घेऊन हेडलाइटच्या बल्बमागे गेले : १२.१. संथ इंजिनावर तर ९.६.

पाणी का उडतं, ते इथेच कळलं. साडेचौदाच्या वर बॅटरीतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन व्हायला जोर येतो, आपल्याकडच्या उकाड्यात त्याच्याही आधी. रात्री हिंदमातापासून घरी येताना पावसात हेडलाइट आणि वायपर दोन्ही चालू असतात, म्हणजे रोज तासभर मी बॅटरी उकळत आणत होते. (इंजिन चालू असताना आणि नुकतं बंद केल्यावर बॅटरीच्या झाकणाजवळ ठिणगी नको, ती याच कारणाने.)

व्होल्टेज का चढतं, ते मात्र झोपताना सुचलं. रेग्युलेटर बॅटरीकडे बघतच नाही. तो बघतो त्याच्या स्वतःच्या टर्मिनलकडे. त्याला येणारी वायर इग्निशन स्विचमधून, डॅशबोर्डच्या मागून, फ्यूज बॉक्समधून फिरून येते. त्याला तिथे १४.२ हवेत. वाटेत एक व्होल्ट गळत असेल तर तो अल्टरनेटरला एक व्होल्ट जास्त द्यायला लावणार. हेडलाइट त्याच वायरवर असतील तर प्रवाह वाढणार, गळती वाढणार, तो आणखी चढवणार. रेग्युलेटर खोटं बोलत नव्हता, त्याला बातमीच खोटी मिळत होती.

रविवार, २१ जुलै

कल्पना बरोबर का, ते बघायला इंजिन बंद, किल्ली चालू, हेडलाइट चालू. बॅटरी १२.२, रेग्युलेटरच्या टर्मिनलवर ११.०. गळती १.२. हेडलाइट बंद केले तर गळती ०.४. हे रीडिंग मिनिटभरात आटपायचं. पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेल्या जागी इंजिन थांबलेलं असेल तर कॉइल नुसती तापत बसते.

आता एकेक तुकडा. लाल प्रोब तुकड्याच्या सुरुवातीला, काळी शेवटी, हेडलाइट लावलेले.

बॅटरी ते सेल्फचा बोल्ट ०.०२. तिथून इग्निशन स्विचपर्यंत ०.०५. स्विचच्या आत-बाहेर ०.२५, म्हातारा झालाय पण चालेल. फ्यूज : ही चिनीमातीची गोळी, वर धातूची पट्टी, दोन टोकांना स्प्रिंगच्या पकडी. फ्यूज काढून पकडी घासल्या, तरी ०.१. बेरीज झाली ०.४२. उरलेले ०.८ स्विच आणि फ्यूज बॉक्सच्या मधे कुठेतरी.

डॅशबोर्डखाली उताणी पडून, तोंडात टॉर्च धरून, वायरच्या गुंत्यात बोटं घातली. एका जागी बोटाला चटका बसला.

काळ्या चिकटपट्टीचा एक गोळा होता, लिंबाएवढा. पट्टी वितळून आतल्या प्लॅस्टिकशी एकजीव झालेली. ब्लेडने कापली तर आत तीन वायर पिळून जोडलेल्या, ना सोल्डरचा डाग, ना थिंबल. एक मूळची लाल, जाडसर. दुसरी निळी, बारीक, घराच्या बेलला वापरतात तसली, ती हेडलाइटला गेलेली. तिसरी फ्यूज बॉक्सला. पिळाच्या मधोमध तांबं चॉकलेटी झालेलं आणि टोकाला तोच हिरवा रंग. दोन बोटांनी ओढलं तर पीळ सुटून हातात आला.

बाबांना दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हा मी केला होता. घाटात. रात्री. हेडलाइट गेले होते.” कधी? “तुझं लग्न व्हायच्या आधी.” तात्पुरता जोड होता.

रविवार, २८ जुलै

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. चार टोकांचे तीन रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) सॉकेटसकट, २.५ आणि ४ चौरस मिलिमीटरच्या वायरी, पट्टीचे फ्यूज, थिंबल, आणि थिंबल दाबायची चांगली पक्कड. पकडीला सगळ्यात जास्त पैसे गेले. दुकानदाराने गाडी कोणती विचारलं, पद्मिनी म्हटल्यावर पाच मिनिटं काकांच्या टॅक्सीबद्दल बोलला. गेल्या ऑक्टोबरात शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेल्यापासून सगळ्यांचे काका टॅक्सी चालवत होते.

रविवार, ४ ऑगस्ट

हेडलाइटचं काम झालं. आता जुना स्विच आणि जुनी वायर फक्त रिलेची गुंडाळी ओढतात, जेमतेम पाव अँपिअर. खरा प्रवाह बॅटरीवरून २० अँपिअरच्या फ्यूजमधून, जाड वायरने, रिलेतून थेट बल्बपर्यंत. एक रिले वरच्या झोताला, एक डिपरला. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच बसवला. पुढे कुठे वायर घासली तर आग लागायच्या आधी तो उडायला हवा. हेडलाइटचं अर्थिंगही नवीन.

रेस देऊन बल्बमागे १३.८. आधी १२.१ होते. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं तर बल्बचा उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो, म्हणून भिंतीवर फरक आकड्यापेक्षा कितीतरी जास्त दिसला. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकी लावून घेतली.

तिसरा रिले रेग्युलेटरसाठी आणला होता. अंधार पडला, पाठ दुखायला लागली. वाटलं, आज थेट बॅटरीवरून फ्यूज घालून वायर देऊन टाकते, रिले पुढच्या वेळी. मोजलं : हेडलाइट बंद १४.२, चालू १४.२. खूश होऊन वर गेले.

सोमवार, ५ ऑगस्ट

सकाळी बॅटरी ११.८. सेल्फ टक.

बाबा खाली आले होते, हातात स्क्रू ड्रायव्हर. तो त्यांनी सहज अल्टरनेटरच्या पाठीवर ठेवला आणि हात काढला. स्क्रू ड्रायव्हर पडला नाही. तिथेच चिकटून राहिला.

रात्रभर रेग्युलेटरला वाटत होतं, व्होल्टेज कमी आहे, म्हणून तो रोटरला (अल्टरनेटरमधल्या फिरत्या विद्युतचुंबकाला) पूर्ण प्रवाह देत बसला. इंजिन बंद असलं तरी त्याला काय! थेट बॅटरीवर बांधल्यावर किल्लीशी त्याचा संबंधच उरला नाही. अडीच अँपिअर धरले तर दहा तासांत पंचवीस अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीचा बराचसा भाग. अल्टरनेटर सकाळीही कोमट होता. फ्यूज काढला, स्क्रू ड्रायव्हर खाली पडला.

लोकलने कॉलेजला गेले.

गुरुवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आल्यावर तिसरा रिले बसवला. गुंडाळीला किल्लीवरची जुनी वायर, रेग्युलेटरला बॅटरीवरून १० अँपिअरच्या फ्यूजमधून नवी. किल्ली बंद केली की रेग्युलेटरची वायर मेली पाहिजे. स्क्रू ड्रायव्हरने तपासलं, चिकटत नाही. किल्ली चालू, हलकेच ओढला जातो. मीटरपेक्षा ही तपासणी मला जास्त आवडली. डॅशमागचा पीळ कापून नीट थिंबल लावून जोडला, उष्णतेने आवळणारी नळी वर.

रेस : १४.२. हेडलाइट : १४.२. हेडलाइट, वायपर, हॉर्न : १४.१. बॅटरी ते रेग्युलेटर गळती ०.०३.

संथ इंजिनावर हेडलाइट लावले की अजून १२.४ येतात, पूर्वीही तेवढेच होते. तिथे वायरीचा काही दोष नाही. इतक्या कमी फेऱ्यांत हा अल्टरनेटर त्याहून जास्त देऊच शकत नाही. लहान पुली लावून फेऱ्या वाढवता येतील, पण त्यासाठी पट्टा, ताण, सगळं बदलायचं. बल्बला आता त्या १२.४ पैकी १२.० मिळतात, पूर्वी ९.६ मिळायचे. मला पुरेसं आहे. बाबांना पुली हवी आहे.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

ताडदेव. सकाळी सातला रांगेत. तपासणाऱ्यांनी हेडलाइट, डिपर, इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न बघितले, चासी नंबर घासून बघितला, आणि बॉनेट बंद करायच्या आधी रिलेच्या ओळीकडे बोट दाखवून विचारलं, हे कुणी केलं. बाबा माझ्याआधी म्हणाले, “सुनेने.” घरी येताना भारतमाताच्या सिग्नलला सहा मिनिटं उभे होतो. दिवसा हेडलाइट लावून ठेवले होते, उगाच.

रविवार, १ सप्टेंबर

पाणी शेवटचं भरलं त्याला सतरा दिवस झाले. सहाही घरांत पातळी खुणेवर, एक मिलिमीटरही उतरलेली नाही. घनता १.२४५ ते १.२५०. रात्रभर उभी राहून १२.६४. क्लॅम्पवरची पांढरी-निळी पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकली होती, परत आलेली नाही.

चाचांना फोन करून आकडे सांगितले. थोडं थांबून म्हणाले, मग जुन्या दोन बॅटऱ्या फेकल्या का? फेकल्या नाहीत, बदलीत दिल्या, दोन्हींचे मिळून सोळाशे मिळाले होते. आता हिशोब मांडत नाही.

राहिलेलं : वायपर मंद आहे. मोटरच्या अर्थिंगला ०.६. पुढचा रविवार गणपतीचा, त्यामुळे त्यानंतर.